‘कोणत्या अधिकाराने?’ : सार्वजनिक पदांच्या हक्काविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात सदराकडे आलेली बरीचशी पत्रे एकाच प्रश्नाभोवती फिरणारी आहेत. सार्वजनिक पदावर बसलेली व्यक्ती कायद्याने त्या पदावर बसू शकते का, आणि बसू शकत नसेल तर ते ठरवून घेण्यासाठी कोणाचे दार ठोठवायचे, असा तो प्रश्न आहे. पत्रलेखकांची व संबंधित संस्थांची ओळख पटेल असा तपशील गाळून चार पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या उत्तराला अधिक जागा दिली आहे, कारण त्यातील तत्त्व नीट समजले की पुढची तीन उत्तरे समजणे सोपे जाईल.

प्रश्न : मी शासकीय सेवेतून निवृत्त झाले असून धरमपेठेत राहते. कायद्याने स्थापन झालेल्या एका मंडळाच्या अध्यक्षपदी काही महिन्यांपूर्वी नेमणूक झाली. त्या पदासाठी नियमांत सांगितलेला किमान अनुभव या गृहस्थांकडे नाही, असे जाहिरात आणि त्यांनीच प्रसिद्ध केलेला स्वतःचा परिचय ताडून पाहिल्यावर दिसते. मी स्वतः त्या पदासाठी अर्ज केलेला नव्हता. ओळखीचे एक वकील म्हणतात की तुमचे काहीच नुकसान झालेले नसल्यामुळे तुम्हाला न्यायालयात जाता येणार नाही. हे बरोबर आहे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : आपल्या वकील परिचितांनी सांगितलेला नियम एरवीच्या रिट अर्जांना, म्हणजे उच्च न्यायालयाकडे थेट आदेश मागणाऱ्या अर्जांना, लागू पडतो, आपल्या प्रकरणाला मात्र तो लागू पडत नाही. संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाला जे आदेश काढता येतात त्यांपैकी अधिकारपृच्छा, म्हणजे वकिलांच्या बोलण्यातले ‘को वॉरंटो’, हा याच कामासाठी आहे. त्यात न्यायालय पदावर बसलेल्या व्यक्तीला विचारते की आपण या पदावर कोणत्या अधिकाराने आहात, आणि तिला तो अधिकार दाखवता आला नाही तर तिला पदावरून दूर करते. अर्जदाराचे काय हिरावले गेले, हा या चौकशीचा विषयच नसतो. सार्वजनिक पद हे जनतेचे असल्यामुळे ते कोणी अनधिकाराने बळकावले आहे का, हे विचारण्याचा हक्क कोणत्याही नागरिकाला आहे. म्हणूनच सेवाविषयक बाबींत जनहित याचिका चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले असले, तरी अधिकारपृच्छेचा अर्ज त्याला अपवाद मानला आहे. आपण उमेदवार नव्हता, ही गोष्ट माझ्या मते आपल्या अर्जाची बाजू उलट भक्कम करते, कारण अर्जामागे वैयक्तिक असूया असल्याचा आरोप आपल्यावर सहजी करता येणार नाही.

या आदेशाचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. तेराव्या शतकात पहिल्या एडवर्ड राजाने सरदारांना त्यांचे विशेषाधिकार कोणत्या आधारावर आहेत हे दाखवायला लावले, त्यात हा प्रश्न रुजला. आपल्याकडे संविधान येण्यापूर्वी असे रिट आदेश काढण्याचा अधिकार फक्त कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या तीन इलाख्यांच्या उच्च न्यायालयांना होता. १९३६ साली स्थापन झालेल्या नागपूर उच्च न्यायालयाला तो नव्हता. मध्य प्रांत व वऱ्हाडातील माणसाला हा प्रश्न येथील न्यायालयात विचारता येऊ लागला तो २६ जानेवारी १९५० पासून, आणि आज विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांतून असा अर्ज मुंबई उच्च न्यायालयाच्या सिव्हिल लाइन्समधील नागपूर खंडपीठापुढे करता येतो. हा इतिहास मुद्दाम सांगतो आहे, कारण हा हक्क आपल्याला संविधानाने दिलेला आहे आणि तो वापरताना संकोच वाटण्याचे काही कारण नाही.

आता त्याच्या मर्यादा पाहू. म्हैसूर विद्यापीठातील एका प्राध्यापकाच्या नेमणुकीसंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली या आदेशाची चौकट आखून दिली. पद सार्वजनिक असले पाहिजे, आणि ते धारण करणारी व्यक्ती कायदेशीर अधिकाराविना तेथे बसलेली असली पाहिजे. नेमणूक एखाद्या कायद्यातील किंवा वैधानिक नियमातील तरतुदीच्या विरुद्ध आहे, हे आपल्याला दाखवावे लागेल. येथे पात्रता आणि गुणवत्ता यांतील फरक कसोशीने पाळावा. नियमात दहा वर्षांचा अनुभव सांगितलेला असून नेमलेल्या व्यक्तीचा अनुभव सहा वर्षांचा असेल, तर हा पात्रतेचा प्रश्न झाला आणि न्यायालय तो तपासते. दहा वर्षांचा अनुभव असलेल्या दोघांपैकी अधिक लायक कोण होते, हे मात्र न्यायालय तपासत नाही. असे अनेक अर्ज फेटाळले जातात, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते की अर्जदाराने पात्रतेची एक ठोस त्रुटी दाखवण्याऐवजी पंचवीस पाने त्या व्यक्तीच्या कारभारावर खर्च केलेली असतात.

पात्रतेच्या कसोटीवर न्यायालये किती कठोर होऊ शकतात, याची उदाहरणे आहेत. गुजरातमधील सरदार पटेल विद्यापीठाच्या कुलगुरूंची नेमणूक सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये रद्द केली, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार आवश्यक असलेला प्राध्यापकपदाचा दहा वर्षांचा अनुभव आणि निवडीची पद्धत या दोन्ही बाबी पाळल्या गेल्या नव्हत्या. राज्याच्या कायद्यात तशी अट नाही, हा बचाव टिकला नाही. त्याहून मोठे उदाहरण २००१ सालचे आहे. तामिळनाडूत जयललिता यांना दोषी ठरवून तीन वर्षांची शिक्षा झालेली असल्यामुळे त्यांचे उमेदवारी अर्ज नामंजूर झाले होते, तरी पक्षाला बहुमत मिळताच १४ मे २००१ रोजी त्यांना मुख्यमंत्रिपदाची शपथ देण्यात आली. विधिमंडळाचा सदस्य नसलेल्या व्यक्तीला सहा महिने मंत्री राहता येते, या अनुच्छेद १६४(४) चा आधार घेतला गेला. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २१ सप्टेंबर २००१ रोजी निर्णय दिला की जी व्यक्ती सदस्य होण्यासच अपात्र आहे, तिला ही सवलत मिळू शकत नाही, आणि जनतेचा कौल संविधानाच्या चौकटीतच चालतो. पुढे डिसेंबरमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले आणि मार्च २००२ मध्ये त्या पुन्हा मुख्यमंत्री झाल्या. त्या दिवशी त्या पदावर बसण्याचा अधिकार त्यांना होता का, एवढाच प्रश्न घटनापीठापुढे होता, आणि त्याचे उत्तर नंतरच्या निर्दोषत्वाने चुकीचे ठरत नाही.

काही महिने उलटून गेल्याची चिंताही आपण करू नये. गोव्यात विधानसभेच्या सभापतींनी १९९१ च्या फेब्रुवारीत तेव्हाचे मुख्यमंत्री रवी नाईक यांना पक्षांतराच्या कारणावरून अपात्र ठरवले होते, आणि पुढच्याच महिन्यात कार्यवाहक सभापतींनी तो निर्णय फिरवला. त्याविरुद्धचा अर्ज मुंबई उच्च न्यायालयाने विलंबाच्या कारणावरून फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली तो निकाल उलटवताना म्हटले की जोपर्यंत ती व्यक्ती पदावर आहे तोपर्यंत अनधिकार चालूच असतो, आणि अशा अर्जाला उशिराचे कारण दाखवून वाटेला लावता येत नाही.

तयारी मात्र पक्की करावी. माहिती अधिकाराखाली नेमणुकीचा आदेश, जाहिरात, सेवाप्रवेशाचे नियम, निवड समितीचे इतिवृत्त आणि संबंधितांनी अर्जासोबत दिलेली अनुभवाची प्रमाणपत्रे मागवावीत. त्यांनी स्वतःच्या परिचयात लिहिलेले आणि अर्जात लिहिलेले वेगळे असू शकते, आणि न्यायालय अर्जातील कागदांवर जाईल. संबंधित विभागाकडे एक लेखी निवेदन आधी द्यावे. अर्जात एकच गोष्ट मांडावी : नियम हा, त्यातील अट ही, आणि कागदपत्रांवरून दिसणारी उणीव ही. शेवटी हेही लक्षात असू द्यावे की अर्ज मंजूर झाला तरी ते पद अन्य कोणाला द्यावे, असे न्यायालय सहसा सांगत नाही. पद रिकामे होते आणि शासनाला नव्याने, नियमाप्रमाणे नेमणूक करावी लागते.

प्रश्न : आमच्या गावच्या ग्रामपंचायत निवडणुकीला चार महिने झाले. सरपंचांचे राहते घर गायरानावर आहे, हे सर्व गावाला माहीत आहे. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे त्या वेळी कोणी हरकत घेतली नाही. आता हायकोर्टात जायचे असे ग्रामस्थांनी ठरवले आहे. आपला सल्ला हवा. (एक ग्रामस्थ, काटोल तालुका)

उत्तर : हायकोर्ट हा आपला पहिला मुक्काम नाही, आणि तेथे थेट गेल्यास आपल्याला बहुधा परत पाठवले जाईल. संविधानाच्या अनुच्छेद २४३-ण नुसार पंचायतीच्या निवडणुकीला आव्हान द्यायचे तर ते कायद्याने ठरवून दिलेल्या प्राधिकाऱ्यापुढे निवडणूक याचिकेनेच देता येते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १५ खाली ती याचिका निकाल जाहीर झाल्यापासून १५ दिवसांच्या आत दिवाणी न्यायाधीशांकडे करावी लागते. ती मुदत आपल्या हातून गेली आहे. येथे इतर वाचकांसाठीही सांगून ठेवतो की जिल्हा परिषद व पंचायत समितीसाठी ही मुदत १५ दिवसांची, नगर परिषद आणि महानगरपालिकेसाठी १० दिवसांची, तर आमदार-खासदारांच्या निवडणुकीसाठी ४५ दिवसांची आहे आणि त्यांची याचिका उच्च न्यायालयातच होते. निकालानंतरचे हे दिवस गावोगावी सत्कारांत आणि रुसव्याफुगव्यांत जातात. वकिलाकडे लोक येतात ते मुदत संपल्यावर. या एका कारणाने चांगली प्रकरणे बुडालेली पाहून मला मनापासून वाईट वाटते.

आपल्या सुदैवाने दुसरे दार उघडे आहे. त्याच अधिनियमाच्या कलम १४(१)(ज-३) नुसार शासकीय जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण केलेली व्यक्ती पंचायतीची सदस्य होण्यास किंवा राहण्यास अपात्र आहे. अशी अपात्रता निवडणुकीच्या वेळी असो वा नंतर आलेली असो, तिचा निर्णय कलम १६ खाली जिल्हाधिकारी करतात, आणि त्यांच्याकडे कोणीही अर्ज करू शकतो. त्यांच्या निर्णयावर १५ दिवसांत अपील होते आणि ते विभागीय आयुक्तांपुढे चालते. उच्च न्यायालयाची पायरी त्यानंतरची. घराच्या कराची थकबाकी आणि दोनहून अधिक अपत्ये या कारणांची प्रकरणेही याच मार्गाने जातात.

‘सर्व गावाला माहीत आहे’ हा पुरावा नव्हे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, त्या गट क्रमांकाचा सातबारा आणि भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी, या तीन कागदांशिवाय अर्ज करू नये. मोजणीच्या नकाशात घर गायरानाच्या हद्दीत दिसले पाहिजे. अतिक्रमण वडिलांनी किंवा सासऱ्यांनी केले होते, एवढे म्हणून सुटका होत नाही. ज्याच्यावर सरकारी जमीन राखण्याची जबाबदारी आहे त्यानेच ती व्यापून बसणे हा हितसंबंधांचा संघर्ष आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली याच कलमाचा अर्थ लावताना म्हटले आहे. ते अतिक्रमण शासनाच्या धोरणानुसार नियमित झालेले असेल तर चित्र बदलते, म्हणून ते आधी तपासावे.

आणखी एक निकाल आपण अर्ज लिहिण्यापूर्वी समजून घ्यावा. जळगाव जिल्ह्यातील एका महिला सरपंचांना, त्या सासूबाईंबरोबर सरकारी जमिनीवरील घरात राहतात, या आरोपावरून अपात्र ठरवले गेले होते. आपण पती व मुलांसह भाड्याच्या घरात वेगळ्या राहतो, हे त्यांचे म्हणणे खालच्या अधिकाऱ्यांनी नीट तपासलेच नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांना पद परत दिले आणि लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधीला, त्यातही ग्रामीण भागातील स्त्रीला, इतक्या सहजपणे दूर करण्याबद्दल स्पष्ट नापसंती व्यक्त केली. आपल्या पत्रात सरपंच स्त्री आहेत की पुरुष हे लिहिलेले नाही. स्त्री असतील, तर हा अर्ज खरोखर गायरानासाठी आहे का, हे ग्रामस्थांनी एकदा एकत्र बसून स्वतःला विचारावे. कायद्याचे हे कलम गावाच्या जमिनीच्या रक्षणासाठी आहे, आणि त्याचा वापर पराभवाचा वचपा काढण्यासाठी झाला की त्याची धार पुढच्या खऱ्या प्रकरणात बोथट होते.

मुदत संपल्यावर उच्च न्यायालयाचे दार पूर्ण बंद होते, असेही नाही. तामिळनाडूतील लालगुडी मतदारसंघातून १९८४ साली निवडून आलेल्या एका आमदाराचे नाव त्या मतदारसंघाच्या यादीतच नव्हते. यादीतील आपल्या नावाशी जुळणाऱ्या दुसऱ्याच मतदाराची ओळख त्याने उमेदवारी अर्जात वापरली होती. निवडणूक याचिका कोणी केली नाही, तरी अनुच्छेद २२६ खालचा अर्ज चालतो, कारण ज्याला सभागृहात बसण्याचा मूलभूत अधिकारच नाही त्याने मुदत टळल्याच्या आधारावर तेथे बसून राहणे ही संविधानाची फसवणूक होईल, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली ठरवले. अपात्र असताना सभागृहात बसणाऱ्यास अनुच्छेद १९३ खाली दर दिवसाला ५०० रुपये दंड सांगितलेला आहे, त्याचाही त्या निकालात विचार झाला. हा मार्ग अशा विरळा प्रकरणांसाठी आहे. आपले प्रकरण कलम १६ चे आहे आणि ते तेथेच न्यावे.

प्रश्न : मी एका जुन्या शिक्षण संस्थेचा आजीव सभासद आहे. संस्थेत सध्या दोन कार्यकारिणी आहेत आणि दोन अध्यक्ष. दोघेही मुख्याध्यापकांना वेगवेगळी पत्रे पाठवतात. को वॉरंटोचा अर्ज करून खरा अध्यक्ष कोण हे ठरवून मिळेल का? (एक सभासद, महाल, नागपूर)

उत्तर : नाही. अधिकारपृच्छा सार्वजनिक पदासाठी आहे, आणि नोंदणीकृत संस्थेच्या अध्यक्षाचे पद, संस्था कितीही जुनी व नामांकित असली तरी, त्या अर्थाने सार्वजनिक पद नव्हे. एका आर्य समाज सभेच्या कार्यकारिणीसंबंधीच्या वादात पाटणा उच्च न्यायालयाने १९५४ सालीच हे स्पष्ट केले होते.

आपली संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असणार. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ नुसार विश्वस्तांमध्ये बदल झाला की ९० दिवसांत फेरफार अहवाल, म्हणजे आपण सर्व ज्याला ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतो तो, द्यावा लागतो. दोन्ही गटांनी आपापले अहवाल दाखल केलेले असतील, तर सहायक किंवा उप धर्मादाय आयुक्त त्यांची चौकशी करून कोणती निवडणूक संस्थेच्या घटनेप्रमाणे झाली ते ठरवतील. सभेची सूचना सर्व सभासदांना मिळाली होती का, गणपूर्ती होती का, सभासदांची यादी कोणती धरली, या तीन प्रश्नांवर बहुतेक फेरफार अहवालांचा निकाल लागतो, म्हणून आपल्याला आलेली सभेची नोटीस, ती आलेला लिफाफा आणि वर्गणीच्या पावत्या जपून ठेवा आणि चौकशीत हरकतदार म्हणून हजर व्हा. दरम्यान शाळेचा कारभार अडत असेल तर कलम ४१-अ खाली धर्मादाय आयुक्तांकडून निर्देश मागता येतात. मुख्याध्यापकांनी कोणाचे पत्र मानावे हे त्यांच्यावर सोडणे अन्यायाचे आहे, आणि शिक्षकांचे पगार या भांडणात अडकू नयेत यासाठी तरी हा अर्ज लवकर करावा.

सहकारी संस्थांच्या सभासदांसाठी मार्ग आणखी वेगळा आहे. तेथील निवडणुकीचा वाद सहकार न्यायालयात, निकालापासून दोन महिन्यांच्या आत, नेला पाहिजे.

प्रश्न : आमच्या नगर परिषदेच्या ज्या पदाधिकाऱ्याच्या सहीने मला दाखला मिळाला, त्यांना नंतर अपात्र ठरवण्यात आले. माझा दाखला बाद झाला का? बँक तशी शंका काढते आहे. (एक दुकानदार, भंडारा)

उत्तर : बाद झाला नाही. पदावर रीतसर बसलेल्या व्यक्तीच्या नेमणुकीत किंवा निवडीत दोष होता, हे नंतर ठरले, तरी तोपर्यंत तिने त्या पदाच्या अधिकारात केलेली कामे लोकांच्या दृष्टीने वैध राहतात. आंध्र प्रदेशातील काही सत्र न्यायाधीशांच्या नेमणुका अवैध ठरल्यानंतर त्यांनी शिक्षा सुनावलेल्या आरोपींनी आपल्या शिक्षाही रद्द झाल्या असा दावा केला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली तो फेटाळून हे तत्त्व विस्ताराने मांडले. नागरिक दाखला घेताना अधिकाऱ्याच्या नेमणुकीचा कायदेशीरपणा तपासू शकत नाही, आणि तशी अपेक्षा ठेवली तर कोणताच व्यवहार निर्धास्तपणे होणार नाही. हे संरक्षण आपल्यासारख्या लोकांसाठी आहे. अपात्र ठरलेल्या व्यक्तीला त्याचा आधार घेऊन पद टिकवता येत नाही, आणि कोणत्याही नेमणुकीविना, निव्वळ दांडगाईने खुर्चीवर बसलेल्याच्या सहीला हे तत्त्व लागू होत नाही.

दाखल्यावरील तारीख अपात्रतेच्या आदेशाच्या आधीची आहे, हे तेवढे पाहून घ्यावे. ती तशी असल्यास नगर परिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांकडून दाखला कार्यालयीन नोंदीप्रमाणे दिलेला असल्याचे पत्र घ्यावे आणि अपात्रतेच्या आदेशाच्या प्रतीसह बँकेला लेखी द्यावे. बँकेने तरीही नकार दिला तर तो कारणांसह लेखी मागावा.